लॉक कुणी धरलाय ते दाखवणारी फुकटची टूल्स : मार्केट यार्ड आणि उद्यमनगरात वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

गुळाचा सीझन तोंडावर आलाय. दिवाळी पाडव्याला मुहूर्ताचे सौदे झाले की शाहू मार्केट यार्डात अडत दुकानांची धांदल सुरू होणार आणि तिच्या पाठोपाठ मला फोन यायला लागणार, "ओ, रेकॉर्ड लॉक्ड म्हणून येतंय स्क्रीनवर, सर्व्हर बंद करून चालू करू काय?" माझं काम म्हणजे कोल्हापुरातल्या दुकानांचे आणि छोट्या कारखान्यांचे कॉम्प्युटर आणि नेटवर्क सांभाळायचं, त्यामुळं हा प्रश्न माझ्याकडं कायम येतो आणि माझं उत्तर पण कायम एकच असतं, नको. आधी लॉक कुणाचा आहे, म्हणजे ते रेकॉर्ड किंवा फाईल कुणी धरून ठेवलीय, ते बघूया. ते बघायला जी टूल्स लागतात ती सगळी फुकट आहेत आणि निम्मी तर तुमच्या मशीनवर आत्ता पण पडून आहेत, फक्त ती काय दाखवतात आणि काय दाखवत नाहीत हे कुणी नीट सांगत नाही म्हणून हे सगळं लिहितोय.

रिस्टार्टला माझा एवढा विरोध का, तर अडत दुकानात एका वेळी तीन-चार काउंटर चालू असतात. एकजण आवक टाकतोय, एकजण वजनं, दिवाणजी पट्टी काढतायत आणि शेतकरी समोर बसलेला असतो, त्याला हमाली तोलाई वजा करून पट्टी हातात घेऊन गावाकडं जायचं असतं. अशा वेळी सर्व्हर बंद केला की ज्याचा लॉक होता त्याचं एक रेकॉर्ड सुटतं खरं, पण बाकी सगळ्यांचं अर्धवट लिहिलेलं काम मध्येच तुटतं आणि जुन्या डीबीएफ फाईलवाल्या (डेटाबेसची जुनी पद्धत) सॉफ्टवेअरमध्ये तर इंडेक्स, म्हणजे रेकॉर्ड शोधायची यादी, हमखास बिघडतो, मग रीइंडेक्स करत बसा आणि यार्डातली गर्दी अजून वाढवा. एका लॉकसाठी चार जणांचं काम मारायचं हे मला पटत नाही.

पहिल्यांदा एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, नाहीतर पुढचं कुठलंच टूल कळणार नाही. "फाईल लॉक आहे" या एका वाक्यात निदान तीन वेगळे प्रकार लपलेले असतात. एक म्हणजे कुणीतरी फाईल उघडताना सांगूनच टाकलंय की मी उघडली आहे तोवर दुसऱ्या कुणी लिहायचं नाही, विंडोजमध्ये याला शेअर मोड म्हणतात. दुसरा म्हणजे फाईल सगळ्यांना उघडता येते पण आतला ठराविक बाइट्सचा पट्टा एकानं धरलाय, हाच खरा रेकॉर्ड लॉक. आणि तिसरा म्हणजे सिस्टीमच्या लेखी लॉकच नाही, फक्त शेजारी एक छोटी फाईल पडलेली आहे जी बघून प्रोग्राम समजतो की कुणीतरी आत आहे. एक्सेल हेच करतं, तुमच्या फाईलच्या नावाआधी टिल्डे आणि डॉलर लावलेली एक हिडन फाईल बनवतं ज्यात उघडणाऱ्याचं नाव असतं, लिबरऑफिसची पण अशीच असते. तिन्हीची औषधं वेगळी आहेत आणि बघायची जागा पण वेगळी.

आता टूल्सकडं येतो, विंडोजपासून सुरू करतो कारण बहुतेक दुकानात तेच आहे.

सर्वात आधी कॉम्प्युटर मॅनेजमेंट उघडा, त्यात शेअर्ड फोल्डर्स आणि त्याच्या खाली सेशन्स आणि ओपन फाईल्स. थेट जायचं असेल तर रनमध्ये एफएसएमजीएमटी डॉट एमएससी टाका. हे सर्व्हरवर बसून बघायचं, आणि ॲडमिन म्हणून. ओपन फाईल्समध्ये नेटवर्कवरून उघडलेली प्रत्येक फाईल दिसते, कुणी उघडली ते दिसतं, वाचायला की लिहायला ते दिसतं आणि लॉक्स नावाचा एक कॉलम असतो ज्याच्याकडं कुणी बघतच नाही. तो कॉलम सगळ्यात कामाचा आहे. एकाच फाईलसमोर चार नावं असतील आणि तिघांसमोर शून्य आणि एकासमोर १ असेल तर तो १ वाला आपला माणूस. विंडोजमध्ये काहीही इन्स्टॉल न करता इतकं मिळतं, मला हे जाम आवडतं. कमी काय, तर फक्त आकडा मिळतो, लॉक फाईलमध्ये कुठं आहे, कुठल्या रेकॉर्डवर आहे ते मिळत नाही.

आणि एक मोठी गोम आहे, जी टूलची नाही तर आपल्या दुकानांची आहे. सगळे काउंटर एकाच युजरनं लॉगिन केलेले असतात. मग त्या यादीत चारी ओळींना तेच नाव, आणि बघणारा म्हणतो हे टूल बेकार आहे. अहो टूल बिचारं खरं तेच सांगतंय! प्रत्येक काउंटरला वेगळा युजर करून द्या, अर्ध्या तासाचं काम आहे, आवक, वजन, पट्टी अशी नावं दिली तरी चालेल. तोवर तात्पुरतं म्हणून पॉवरशेलमध्ये गेट-एसएमबीओपनफाईल ही कमांड आहे, विंडोज ८ आणि सर्व्हर २०१२ पासून पुढं मिळते, तिच्यात क्लायंटच्या मशीनचा पत्ता पण येतो, म्हणजे युजर सगळ्यांचा एक असला तरी मशीन ओळखता येतं.

सेशन्समध्ये आयडल टाइम बघायला विसरू नका. आपल्याकडं लाईट जाते, काउंटरच्या यूपीएसची बॅटरी मेलेली असते, मशीन धाडकन बंद पडतं. सर्व्हरला हे लगेच कळत नाही, त्याच्या लेखी तो माणूस अजून जोडलेला आहे आणि त्याचा लॉक पण जिवंत आहे, मग तोच माणूस मशीन चालू करून परत आला की स्वतःच्याच जुन्या लॉकला अडकतो. अशा वेळी ते एकच मेलेलं सेशन बंद करायचं, बाकी कुणाला हात लावायचा नाही. मी तरी आधी त्या काउंटरला फोन करून विचारतो, "तुमची स्क्रीन चालू आहे काय?" कारण माणूस बिल अर्धवट टाकून नुसता चहाला गेलेला असला तरी आयडल टाइम तसाच वाढलेला दिसतो.

पुढचं, मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉईज या फुकटच्या संचातलं फाईल लॉकस्मिथ. २०२२ मध्ये आलं तेव्हापासून याचं कौतुक सगळीकडं चाललंय, फाईलवर राईट क्लिक केलं की कुठल्या प्रोसेसनं (चालू असलेल्या प्रोग्रामनं) धरली आहे ते सांगतं, दिसायला देखणं, वापरायला सोपं. घरच्या मशीनवर पेन ड्राइव्ह निघत नाही किंवा फोल्डर डिलीट होत नाही अशा वेळी मी पण हेच सुचवतो. पण दुकानातल्या सर्व्हरवर याचा उपयोग फार कमी, कारण ते आपल्या मशीनवरच्या प्रोसेस शोधतं, फाईल नेटवर्कवरून कुठल्या काउंटरनं उघडली हे काही सांगत नाही. शिवाय त्यातलं एंड टास्क म्हणजे लॉक सोडणं नव्हे, अख्खा प्रोग्रामच मारणं. अर्धवट सेव्ह केलेलं सगळं जातं. हे बटण एवढं हाताशी ठेवायला नको होतं असं माझं प्रामाणिक मत.

प्रोसेस एक्सप्लोरर हे जुनं जाणतं टूल. सिसइंटर्नल्सचं, मार्क रसिनोविच यांनी लिहिलेलं, २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ती कंपनीच विकत घेतली आणि तेव्हापासून त्यांच्याच साईटवर फुकट मिळतं. इन्स्टॉल करावं लागत नाही, पेन ड्राइव्हमध्ये टाकून फिरा. फाइंड मेनूत फाईलचं नाव टाकलं की कुणाकडं तिचं हँडल (उघड्या फाईलचा प्रोग्रामकडचा नंबर) आहे ते येतं. नेटवर्कवरून उघडलेली फाईल मात्र सर्व्हरवर सिस्टीम या प्रोसेसच्या नावावर दिसते, त्यामुळं "सिस्टीमनं लॉक केलंय, व्हायरस आहे" असा निष्कर्ष काढू नका, तो तुमचाच एखादा काउंटर आहे, परत ओपन फाईल्समध्ये जाऊन बघा. आणि यातलं क्लोज हँडल वापरायचं नाही म्हणजे नाही. प्रोग्रामला न सांगता त्याच्या हातातली फाईल काढून घेतली तर त्याला पत्ताच नसतो, तोच हँडलचा नंबर पुढं दुसऱ्या फाईलला मिळाला की प्रोग्राम आपला बिनधास्त तिच्यात लिहायला लागतो. डेटा खराब होतो आणि तो कधी झाला ते महिनाअखेरीला कळतं. एक अजून, हँडल आहे म्हणजे लॉक आहे असं नाही. फाईल उघडी आहे इतकंच ते सांगतं.

याच घरातलं प्रोसेस मॉनिटर मात्र खरं रत्न आहे आणि लॉकसाठी ते वापरणारा माणूस मला गावात क्वचितच भेटतो. हे सर्व्हरवर नाही तर ज्या काउंटरवर एरर येतीय तिथं चालवायचं. फिल्टरमध्ये पाथच्या शेवटी डॉट डीबीएफ असं टाका, एरर परत येऊ द्या आणि थांबवा. आता रिझल्ट कॉलममध्ये जर शेअरिंग व्हायोलेशन असेल तर पहिला प्रकार, म्हणजे कुणीतरी अख्खी फाईलच अडवून बसलंय, बहुतेक वेळा बॅकअप नाहीतर दुसऱ्या काउंटरवरचं रीइंडेक्स. आणि फाईल लॉक कॉन्फ्लिक्ट किंवा लॉक नॉट ग्रँटेड असेल तर दुसरा प्रकार, रेकॉर्ड लॉक, आणि शेजारच्या डिटेल कॉलममध्ये ऑफसेट (फाईलच्या सुरुवातीपासून मोजलेली जागा) आणि लांबी पण लिहिलेली असते. डोळ्यांना जरा त्रास आहे, सेकंदाला हजारो ओळी येतात आणि तसंच चालू ठेवलं तर मेमरी खाऊन टाकतं, म्हणून फिल्टरबाहेरच्या ओळी टाकून द्यायचा पर्याय आधी चालू करा. पण माहिती एकदम अस्सल.

आता तो ऑफसेट वाचायचा कसा. इथं मला जरा सविस्तर बोलू द्या कारण हा भाग मला मनापासून आवडतो. क्लिपर या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेली किंवा नंतर हार्बर या तिच्या नव्या अवतारावर कंपाईल केलेली बिलिंग सॉफ्टवेअर आपल्या बाजारात अजून खूप आहेत, डीबीएफ फाईल आणि एनटीएक्स इंडेक्सवाली. अशा फाईलवरचा लॉक बघितला तर ऑफसेट येतो १००००००३४७ असा काहीतरी, लांबी १ बाइट. फाईल आहे दोन-तीन एमबीची आणि लॉक शंभर कोटींच्या पुढच्या बाइटवर, बघणारा चक्रावतो. पण यात चूक काही नाही. फाईल जिथं संपते त्याच्या पुढच्या जागेवर पण लॉक लावता येतो, तिथं डेटा असायलाच पाहिजे असं नाही. क्लिपरनं मुद्दाम शंभर कोटी ही जागा ठरवून घेतली आणि रेकॉर्डचा नंबर तिच्यात मिळवला. का, तर विंडोजमध्ये धरलेला बाइट दुसऱ्याला वाचता पण येत नाही, मग खऱ्या डेटावर लॉक लावला असता तर बाकीच्यांना ते रेकॉर्ड नुसतं बघता पण आलं नसतं. लांबच्या रिकाम्या बाइटवर लॉक लावला की वाचणारे वाचत राहतात आणि लिहिणारे तेवढे एकमेकांना अडवतात. म्हणजे १००००००३४७ मधून शंभर कोटी वजा करा, उरलं ३४७, तेच तुमचं अडकलेलं रेकॉर्ड! सॉफ्टवेअरमध्ये ३४७ नंबरचं रेकॉर्ड काढून बघा, कुठल्या शेतकऱ्याचं खातं आहे ते नावानिशी कळतं आणि मग तुम्ही नुसतं "कोण आहे रे लॉकमध्ये" असं ओरडत न बसता "अमक्याच्या खात्यात कोण आहे?" असं विचारू शकता. दिवाणजींना हे एकदा करून दाखवा, नादखुळा वाटतं त्यांना. फॉक्सप्रो या दुसऱ्या डेटाबेस प्रोग्रामची लॉकची जागा आणि मोजायची रीत वेगळी आहे, तिथं हे गणित लावू नका.

एसक्यूलाइट हा एका फाईलमध्ये मावणारा डेटाबेस पण याच जातीचा आहे. तिथं १०७३७४१८२४ म्हणजे बरोबर १ जीबीच्या जागेपासून पुढं लॉकचे बाइट असतात, आणि वाचणाऱ्यांसाठी १०७३७४१८२६ पासून १०७३७४२३३५ पर्यंत ५१० बाइट्सचा पट्टा. हे आकडे दिसले की समजायचं एसक्यूलाइटचा डेटाबेस आहे. वाचणारा लॉक असेल तर बाकीचे पण वाचू शकतात, लिहिणारा असेल तर एकच.

आता लिनक्स. छोट्या कारखान्यांत आणि काही दुकानांत मी लिनक्सवर सांबा (विंडोज मशीनना फाईल शेअर करून देणारा प्रोग्राम) टाकून फाईल सर्व्हर बसवून देतो, आणि माझ्या मते लॉक बघायच्या बाबतीत लिनक्स जगात भारी आहे. एलएसलॉक्स ही कमांड युटिल-लिनक्स या नेहमीच्या कमांडच्या संचात २०१२ पासून येते, म्हणजे तुमच्याकडं असणारच. एका ओळीत प्रोग्रामचं नाव, प्रोसेस नंबर, लॉकचा प्रकार, वाचायचा की लिहायचा, सुरुवात, शेवट आणि फाईलचा पाथ. विंडोजमध्ये जे दोन-तीन टूल्स जोडून मिळतं ते इथं एका शब्दात. सूडो लावून, म्हणजे ॲडमिनच्या अधिकारानं, चालवा, नाहीतर दुसऱ्यांच्या फाईलचा पाथ न दाखवता नुसता माउंट पॉईंट आणि पुढं तीन टिंबं देतं आणि नवीन माणूस घाबरतो. मोडच्या पुढं तारा (*) असेल, म्हणजे राईट आणि पुढं ती खूण, तर त्या प्रोसेसला लॉक मिळालेला नाही, ती रांगेत उभी आहे. कुणामुळं उभी आहे ते बघायला ब्लॉकर नावाचा कॉलम मागून घ्यायचा, तो आपोआप येत नाही आणि ही मला या टूलची सगळ्यात मोठी उणीव वाटते, तोच कॉलम पहिल्यापासून पाहिजे होता. सांबावरून येणाऱ्या काउंटरच्या बाबतीत मात्र ताऱ्याची वाट बघू नका, बरीच बिलिंग सॉफ्टवेअर रांगेत उभीच राहत नाहीत, लॉक नाही मिळाला की लगेच एरर देतात नाहीतर परत परत विचारत बसतात.

एलएसलॉक्सला ही सगळी माहिती कर्नलच्या (सिस्टीमच्या गाभ्याच्या) प्रोक या फोल्डरमधल्या लॉक्स या फाईलमधून मिळते, ती थेट उघडून पण वाचता येते. तिथं फाईलचं नाव नसतं, डिव्हाइस आणि आयनोड नंबर (डिस्कचा आणि फाईलचा अंतर्गत नंबर) असतो, त्यामुळं रोजच्या वापराला मी ती सुचवत नाही. पण तिच्यात ॲडव्हायझरी हा शब्द दिसतो तो समजून घेण्यासारखा आहे. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसा हा लॉक, रुमाल मानणारे तिथं बसत नाहीत पण न मानणाऱ्याला कोण अडवणार? लिनक्सवर लॉक न विचारता एखाद्या प्रोग्रामनं फाईलमध्ये सरळ लिहिलं तर कर्नल त्याला थांबवत नाही. सक्तीचे लॉक पूर्वी होते, कुणी फारसं वापरत नव्हतं, २०२१ मध्ये ५.१५ कर्नलमधून ते काढूनच टाकले. म्हणून रात्रीच्या बॅकअपची स्क्रिप्ट लॉकला विचारत नसेल तर ती चालू फाईलची अर्धवट कॉपी खुशाल काढून ठेवते आणि कुणी ओरडत पण नाही. हे तपासून घ्या, नक्की तपासून घ्या.

प्रोग्रामिंग करणाऱ्या पोरांसाठी एक. प्रकाराच्या कॉलममध्ये पॉसिक्स (लॉकचा जुना, नेहमीचा प्रकार) दिसलं तर त्याचा एक वाईट नियम आहे, एकाच प्रोसेसनं तीच फाईल दोन ठिकाणी उघडली आणि त्यातली एक बंद केली तरी त्या फाईलवरचे त्या प्रोसेसचे सगळे लॉक सुटतात. तुमचा कोड बरोबर असतो आणि एखादी लायब्ररी मागच्या मागं फाईल उघडून मिटते, आणि तुमचा लॉक गायब. यावर उपाय म्हणून २०१४ मध्ये ३.१५ कर्नलमध्ये ओएफडी लॉक आले. ते प्रोक मध्ये ओएफडीएलसीके म्हणून दिसतात आणि प्रोसेस नंबरच्या जागी -१ येतो, कारण ते प्रोसेसला नाही तर उघडलेल्या फाईलला चिकटलेले असतात. ते बघून सिस्टीम हॅक झाली असं समजू नये.

सांबा असेल तर मात्र एलएसलॉक्स एकटं पुरत नाही. सगळ्या ओळींवर प्रोग्राम एसएमबीडी, म्हणजे सांबा स्वतःच, असा दिसतो, माणूस दिसत नाही. मग सांबाचीच एसएमबीस्टेटस ही कमांड. नुसतं चालवलं की वरच्या तक्त्यात प्रोसेस नंबर, युजर आणि मशीनचा पत्ता येतो. मोठा एल लावला की उघड्या फाईल्स आणि कोण कुणाला काय नाकारतंय ते, आणि मोठा बी लावला की बाइट रेंज लॉक, त्यात सुरुवात आणि लांबी. बी च्या तक्त्यातून प्रोसेस नंबर घ्या, वरच्या तक्त्यात तोच नंबर शोधा, माणूस सापडला. सुरुवातीतून शंभर कोटी वजा करा, रेकॉर्ड सापडलं. मला वाटतं आपल्यासारख्या दुकानांसाठी यापेक्षा चांगलं काही नाही, आणि सांबा ४.१७ पासून हेच सगळं जेसन मध्ये, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामला वाचता येईल अशा स्वरूपात, पण निघतं, त्यावर एखादं छोटं मराठी पान बनवून दिवाणजींच्या मशीनवर ठेवता येतं, "३४७ नंबर : वजन काउंटर" एवढं दिसलं तरी बास. एल च्या तक्त्यात ऑपलॉक नावाचा कॉलम आहे, तो आपल्या रेकॉर्ड लॉकपेक्षा वेगळा, क्लायंटला फाईल स्वतःकडं साठवून ठेवायची परवानगी दिलेली असते. चार जण लिहितात अशा डीबीएफ फाईलवर ती परवानगी नकोच, सांबाच्या सेटिंगमध्ये व्हेटो ऑपलॉक फाईल्स मध्ये डीबीएफ आणि एनटीएक्स टाकून ठेवा.

उद्यमनगर आणि शिरोलीकडच्या कारखान्यांत प्रश्न जरा वेगळा असतो. तिथं डिस्पॅचचं रजिस्टर एक्सेलमध्ये, आणि "लॉक्ड फॉर एडिटिंग" खाली अशा माणसाचं नाव ज्यानं नोकरी सोडून पण महिना झाला. हा वर सांगितलेला तिसरा प्रकार, एक्सेल अचानक बंद पडलं आणि डॉलरवाली फाईल मागं राहिली, त्यात जुनंच नाव. ती एलएसलॉक्समध्ये शोधू नका. ओपन फाईल्समध्ये किंवा एसएमबीस्टेटसमध्ये मूळ फाईल कुणी उघडली नाही ना ते बघा, कुणीच नसेल तर ती छोटी फाईल खुशाल डिलीट करा. नोकरी सोडलेल्या माणसाचं नाव दिसतंय म्हणून त्याला फोन करून भांडलेले लोक मी बघितलेत, त्याची काही गरज नाही. आणि जाता जाता त्याचं लॉगिन पण बंद करा.

लिनक्सवरची फ्यूजर आणि एलएसओएफ ही दोन टूल्स राहिली. एलएसओएफ उत्तम, त्यात फाईल नंबर आणि त्याला चिकटलेलं मोडचं अक्षर यांच्यानंतर मोठा डब्ल्यू दिसला तर अख्ख्या फाईलवर लिहायचा लॉक, छोटा डब्ल्यू असेल तर काही भागावर, एवढं कळलं तरी भरपूर. फ्यूजर कुणी उघडली ते पटकन सांगतं, पण त्याला के लावला की सगळ्या प्रोसेस मारतं, आणि सांबाच्या शेअरवर ते केलं तर सगळे काउंटर एकदम बाहेर. ज्याला सर्व्हरचा पासवर्ड दिलाय त्याला एसएमबीस्टेटस आणि एलएसलॉक्स एवढंच शिकवा, के चं नाव पण काढू नका.